उंबरखिंड टेबलावर: घरच्या घरी डोंगर, झाडी आणि बेस कसे करावेत?

अर्धवट_मावळा

मंडळी, नमस्कार.

मिनिएचर घेऊन टेबलावर लढाया खेळणारे इथे मोजकेच असतील, पण दिवाळीत किल्ला केलेले बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतोय. ज्यांना वॉरगेमिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जेमतेम सव्वा इंच उंचीचे रंगवलेले सैनिक, दोन बाजू, चाल टेपने मोजायची आणि मारामारीचा निकाल फाशांवर. बुद्धिबळात चौकटी असतात, इथे त्यांच्या जागी डोंगर, ओढे, झाडी, घरं.

मला उंबरखिंड करायची आहे. फेब्रुवारी १६६१. मुघल सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरतोय, बरोबर रायबागन ही स्त्री सरदार आहे, आणि खाली चावणीजवळच्या अरुंद वाटेवर दोन्ही अंगांच्या झाडीत महाराजांची माणसं दबा धरून बसलेली. टेबल चार फूट बाय चार फूट, मिनिएचर २८ मिमीची.

नेटवर 'हिंदुस्थानातली लढाई' म्हणून जी टेबलं दिसतात त्यांत पिवळी वाळू, दोन खजुराची झाडं आणि एक घुमट. मराठे असोत की मुघल, सगळे वाळूतच लढतात. मला सह्याद्री सह्याद्रीसारखा दिसायला हवा आहे.

तर: कड्यांसाठी थर्माकोल की ते गुलाबी-निळं एक्सपीएस फोम? कातळाचा रंग कसा आणायचा? बेसवर, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर, काय पसरायचं? आणि डोंबिवलीच्या दमट हवेत हे सगळं पावसाळ्यापलीकडे टिकेल का? विकतचं सामान परदेशातून मागवायचं नाही, हट्ट समजा.

सोलापुरी_चादर

पहिला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दोन_फासे

अरे वा, इथे कुणीतरी वॉरगेमर निघाला!

सरळ सांगतो, एक्सपीएस. थर्माकोल म्हणजे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवलेले असतात. कापलं की मणी सुटतात, अंगाला, पंख्याला, मांजराला चिकटतात, आणि कापलेल्या कडेवर कितीही रंग लावा, मणी दिसतच राहतात. एक्सपीएस एकसंध असतं. कटरने कापता येतं, पेन्सिलने त्यावर दगडांच्या सांधी कोरता येतात आणि त्या तशाच राहतात. गच्चीच्या उष्णतारोधक कामाला हेच वापरतात. २५ आणि ५० मिमी जाडीचे बोर्ड येतात. दुकानात अख्खा बोर्ड घेण्यापेक्षा जिथे गच्चीचं काम चालू आहे तिथल्या कंत्राटदाराकडे तुकडे मागा, पोतंभर मिळतात.

एक नियम मात्र पाठ करा: फोमवर, मग तो कुठलाही असो, डब्यातला स्प्रे पेंट थेट मारायचा नाही. त्यातला सॉल्व्हंट फोम खातो, ठोकळा डोळ्यांदेखत बसत जातो. आधी फेविकॉल आणि काळा इमल्शन रंग एकत्र करून त्याचा हात द्या. तो वाळला की वरचा थर कडक होतो आणि कोपरेही सहज मोडत नाहीत.

शाडूवाला

थर्माकोलची एवढी बदनामी नको. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं फुकट मिळतं, उगाच कचऱ्यात जाण्यापेक्षा डोंगर झालेला काय वाईट? २०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची सजावट राज्यात बंद झाली, तेव्हापासून मखरवाल्यांनी नाद सोडला, पण पॅकिंगचं थर्माकोल अजून घरी येतंच.

मणी दिसू नयेत म्हणून वरून वर्तमानपत्राचे तुकडे खळीत भिजवून दोन थर चढवा. त्यावर भिंतीची पुट्टी, त्यात थोडं फेविकॉल. पुट्टी अर्धवट ओली असताना दगड दाबून उठवला की कातळाचा पोत येतो. शाडू मात्र वापरू नका, मी मूर्तिकामात आहे म्हणून सांगतो. शाडू वाळताना आकसतो, फोमवर धरत नाही, खपल्या पडतात.

जुनाट

धागाकर्त्यांनी बुद्धिबळाचा उल्लेख केलाच आहे म्हणून थोडं अवांतर. टेबलावर भूप्रदेश उभा करून युद्धाचा सराव करायची कल्पना प्रशियातली. १८१२ मध्ये थोरल्या राइसवित्झने राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याला असा खेळ सादर केला, त्यात जमिनीचे उंचसखल तुकडे वेगवेगळे होते, हवे तसे जोडून नवा प्रदेश मांडता यायचा. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने तो नकाशावर आणला आणि लष्करात रुजवला. करमणुकीसाठी खेळण्यातल्या शिपायांची नियमावली एच. जी. वेल्सने १९१३ साली छापली, 'लिटल वॉर्स'. म्हणजे आज जे 'मॉड्युलर टेरेन' म्हणून विकलं जातं ते दोनशे वर्षांपूर्वीचं आहे.

तात्पर्य: चार फुटांचा अखंड देखावा करू नका. एक फुटाच्या चौरस फरश्या करा. खिंड आज इकडे, उद्या तिकडे.

सोलापुरी_चादर

जुनाटकाका, तुम्ही प्रशियाहून थेट डोंबिवलीला उतरलात, मधे कल्याणलाही थांबला नाहीत.

कातळकडा

जुनाट यांच्या फरश्यांना +१. आता कातळाबद्दल, कारण वरच्या प्रतिसादांत दगड कुठला हे कुणीच विचारलं नाही.

परदेशी व्हिडिओत जो कडा करायला शिकवतात तो उभ्या भेगांचा, अणकुचीदार, आल्प्सछाप असतो. आपला कडा तसा नाही. दख्खनचा बेसाल्ट म्हणजे लाव्हाचे एकावर एक आडवे थर. टणक थर उभा कडा धरून राहतो, त्याच्या वरचा-खालचा मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून घाटाखालून वर पाहिलं की कडा, उतार, कडा, उतार असं दिसतं, आणि झाडी त्या उतारांवर आडव्या पट्ट्यांत असते. लोणावळ्याच्या बाजूने कुठलाही डोंगर पाहा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल मातीची अरुंद रेघही दिसते. ती टेबलावर एकदोन ठिकाणी ओढली तरी कोकणात उतरलेला माणूस लगेच ओळखेल.

आता गंमत बघा. एक्सपीएसचा २५ मिमीचा बोर्ड हाच एक थर. एकावर एक आडवे बोर्ड ठेवायचे, प्रत्येकाची कड कटरने जवळजवळ उभी ठेवायची, वरचा बोर्ड तीन-चार सेंटीमीटर आत सरकवायचा आणि मधल्या पायरीवर पुट्टीने तिरपा उतार भरायचा. परदेशात थर दिसू नयेत म्हणून लोक घासत बसतात. आपण ते तसेच राहू द्यायचे.

रंगाचं म्हणाल तर काळा नको. कातळ काळाकुट्ट दिसतो तो पावसात भिजलेला. फेब्रुवारीतला कोरडा कातळ करडा-तपकिरी असतो, ऊन खाणाऱ्या बाजूला गंजकट. आधी काळपट तपकिरी हात, त्यावर कोरड्या ब्रशने करडा, मग पाण्यात खूप पातळ केलेला बर्न्ट अंबर सांधींमध्ये सोडायचा. शेवटी फिकट राखाडी ठिपके, बारीक आणि विरळ. ते दगडफूल. इथे हात आवरता आला पाहिजे, नाहीतर कड्याला कांजिण्या झाल्यासारखं दिसतं.

दोन_फासे

@कातळकडा, तुम्ही खेळत नाही ना? तरी खेळाचा सगळ्यात मोठा प्रश्न सोडवलात. उतरत्या डोंगरावर मिनिएचर उभी राहत नाहीत, घसरतात, आणि मोहऱ्याचा भाला तुटतो. २५ मिमी बेसला निदान ३० मिमी सपाट पायरी लागते. तुमच्या हिशेबाने पायरी आपोआप मिळते. फक्त पुट्टीचा उतार सगळीकडे भरू नका, पायरीचे काही भाग सपाट सोडा. तिथे बंदूकधारी बसवायचे.

निखारा७७

स्केलचं काय? २८ मिमी म्हणजे साधारण १/५६. शंभर मीटरचा कडा करायचा तर पावणेदोन मीटरच्या वर जाईल, टेबलाची उंची धरून पंखा काढावा लागेल.

दोन_फासे

कडा स्केलमध्ये कुणीच करत नाही. माणूस, दार, झाड, भिंत हे माणसाच्या मापात, आणि डोंगर फक्त सुचवायचा. दोन-तीन थर पुरे. टेबलाच्या मागच्या कडेला थोडा उंच, मधे वाट, पुढच्या कडेला ठेंगणा, म्हणजे खेळणाऱ्याचा हात पोहोचतो.

सोलापुरी_चादर

आमच्या दिवाळीच्या किल्ल्यात महाराज बुरुजापेक्षा उंच, पायथ्याला गुहेत वाघ, त्याच्या शेजारी प्लास्टिकची गाय, आणि गच्चीवर हेलिकॉप्टर. १/५६ कुणी विचारलं नाही.

कागदकात्री

@सोलापुरी_चादर हेलिकॉप्टर आमच्याकडेही होतं! आणि आरशाचा तलाव, त्यात बदक, बदक हत्तीएवढं.

पण गंभीरपणे, किल्ल्याच्या युक्त्या इथे चालतील असं वाटत होतं आणि त्या पूर्ण चालत नाहीत. हळीव पेरलेलं हिरवं दोन आठवड्यांत माना टाकतं. ओली माती टेबलावर नको. रंगवलेला भुसा तेवढा चालेल, आणि गेरू. गेरूत थोडं फेविकॉल घालून पातळ केलं की वाटेच्या मातीला जो रंग येतो तो कुठल्या बाटलीत मिळत नाही. फेविकॉल नसेल तर मात्र सुकल्यावर हाताला लागतो.

रानवेडी

हा धागा वाचून राहवेना म्हणून लिहितेय. वॉरगेमिंग मला कळत नाही, झाडं कळतात.

अर्धवट_मावळा, तुम्ही तारीख दिलीत पण ऋतू कुणी धरलाच नाही. वर सगळे 'घनदाट हिरवी झाडी' डोक्यात ठेवून लिहितायत. तो जुलै झाला. फेब्रुवारीत घाटाच्या पायथ्याचं रान अर्धं उघडं पडलेलं असतं. सागाची पानं गळायला लागलेली, खाली मोठी वाळकी पानं. गवत पांढुरकं पिवळं, कमरेएवढं. कारवीच्या नुसत्या काठ्या उभ्या. आणि मधेच, एकही पान नसलेली, लालभडक फुलांनी लगडलेली काटेसावर. पळसही फुलू लागलेला असतो. हिरवं उरतं ते ओढ्याच्या कडेने: आंबा, जांभूळ, उंबर, करंज. म्हणजे टेबलावर हिरवा पट्टा ओढ्याला धरून आणि वर चढत जाल तसं पिवळं-तपकिरी.

लढाईच्या दृष्टीने हे महत्त्वाचं नाही का? वाळक्या पानांवरून कुणी चाललं तर आवाज होतो. दबा धरून बसणाऱ्याला हलायचं नाही, आणि खिंडीत दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्याला लपायला ओढ्याकाठची सदाहरित झाडी. रान घनदाट होतंच, कारण तेव्हा तोड कमी होती, पण घनदाट म्हणजे हिरवं नव्हे.

अर्धवट_मावळा

रानवेडीताई, हे सोन्याहून पिवळं. गेला आठवडाभर हिरवा रंग कुठला घ्यायचा यावर डोकं खाजवत होतो. वाळक्या पानांचा नियमही खेळात घेतो: उतारावरून सरकणाऱ्याने फासा टाकायचा, १ पडला की आवाज झाला.

दोन_फासे

१ किंवा २. नाहीतर मावळे फारच लाडावतील.

नॉटिंगहॅमकर

उशिरा आलोय. मी राहतो त्या शहरात वॉरहॅमर हा मिनिएचरचा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय आहे, त्यामुळे इथे हा छंद गल्लोगल्ली. तरीही इथले जुने लोक सांगतात की सुरुवातीला सगळं घरगुती होतं. त्यांच्याच मासिकात ऐंशीच्या दशकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा करायची कृती छापली होती, ती अजून लोक हसत हसत आठवतात. तेव्हा अर्धवट_मावळा यांचा 'विकतचं नको' हा हट्ट परंपरेला धरूनच आहे.

इथल्या क्लबांमध्ये आपल्याकडच्या लढायांपैकी असई आवडीने खेळतात. १८०३, वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले. आणि होय, टेबल पिवळं, खजुराची झाडं. लढाई झाली २३ सप्टेंबरला! मराठवाड्यात पाऊस नुकता सरतोय, काळी जमीन, पिकं उभी, कैलना आणि जुई भरलेल्या. मी एकदा म्हणालो तर उत्तर मिळालं, 'पण भारत असाच दिसतो ना?'

जुनाट

असईचा विषय निघालाच आहे तर: त्या टेबलावर सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर असलेली दोन गावं. वाटाड्यांनी सांगितलं की पलीकडे जायला उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, नाही. वेलस्लीने दोन्ही गावं पाहिली आणि ताडलं की समोरासमोर वसलेल्या गावांमध्ये ये-जा असणारच, म्हणजे उतार असणारच. तो खरंच होता, आणि त्यावरून त्याने शिंद्यांच्या फौजेच्या बगलेला हात घातला. त्यामुळे असई करणाऱ्याने उतार रंगवून दाखवू नये. गावं ठेवावीत, बाकी खेळणाऱ्याने ओळखावं.

निखारा७७

जुनाट, हे भारी आहे. (आणि हे पहिल्यांदाच म्हणतोय.)

बेसकडे वळतो, तो प्रश्न मागे पडलाय. एमडीएफचे गोल बेस लेझर-कटिंगवाल्याकडून घेता येतात, पण दमट हवेत एमडीएफ एका बाजूने ओलं झालं की वाकतं. फेविकॉल-वाळू वरून लावता, पाणी वरच्याच बाजूने शिरतं, कडा वर उचलतात. दोन्ही बाजूंना आधी वॉर्निश किंवा रंग द्या, मगच काम.

यापेक्षा सोपं आणि स्वस्त म्हणजे दोन रुपयांचं नाणं. २०११ च्या मालिकेतलं नाणं २५ मिमी व्यासाचं आहे, बरोबर २८ मिमी मिनिएचरच्या बेसएवढं. वजन असल्यामुळे घोड्यावरचा भालाईतही कलंडत नाही. आणि ते लोहचुंबकाला धरतं, म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तळाला चुंबकाची शीट लावली की सगळं सैन्य न हलता रिक्षातून नेता येतं.

सोलापुरी_चादर

तीस मावळे म्हणजे साठ रुपये तळपायाखाली. स्वराज्याची तिजोरी.

जुनाट

२०११ चा नाण्यांचा कायदा नाणी वितळवायला, मोडायला मनाई करतो. चिकटवण्याचं बघा बुवा.

निखारा७७

चिकटवलेलं नाणं गरम पाण्यात ठेवलं की फेविकॉल सुटतं. फेविक्विक लावलंत तर तुमचं तुम्ही बघा. ज्यांना भीती वाटते त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच मापाचे लोखंडी वायसर घ्यावेत, भोक कागदाने झाकायचं.

बेसवर पसरायला नदीची वाळू नको, तिचे दाणे गुळगुळीत असतात आणि २८ मिमीत ते गोटे दिसतात. बांधकामावर क्रश सँड असते, खडी फोडताना निघालेली. तीच बेसाल्टची, टोकदार. चहाच्या गाळण्याने गाळली की खाली पडते ती बारीक माती, वर राहते ती खडकाळ जमीन. एकाच मुठीत दोन माल. बेसच्या कडेला क्वचित एक मोठा तुकडा ठेवा, पण सैनिकाच्या पायाखाली नको. प्रत्येक मावळा एक पाय दगडावर ठेवून उभा, हे फार दिसतं हल्ली.

कातळकडा

क्रश सँडला दुजोरा. ज्या खडकाचा सह्याद्री त्याच खडकाची माती, रंगवलीत तर वरून फक्त एक कोरडा ब्रश.

कागदकात्री

गवताबद्दल कुणी बोललंच नाही. रानवेडी म्हणाल्या तसं पांढुरकं गवत म्हणजे सुतळी! रंगवायलासुद्धा नको.

सुतळीचा बोटभर तुकडा घ्या, पीळ उलगडा, कंगव्याने विंचरा. चिमूटभर झुबका धरून एक टोक फेविकॉलमध्ये बुडवा आणि प्लास्टिकच्या कागदावर उभा टेकवा. वाळला की तळाशी पारदर्शक टिकली तयार होते, झुबका तिच्यावर उभा. मग कात्रीने वरून तिरपा कापा, सपाट नाही. अशा टिकल्या करून डबीत ठेवायच्या आणि लागतील तशा बेसवर चिकटवायच्या. बेसवर ५-६ मिमी उंची पुरे, १/५६ च्या मापात ती गुडघ्याच्या खालपर्यंत येते. कमरेएवढं गवत बेसवर लावलंत तर तलवार दिसणार नाही. उंच गवताचे वेगळे पट्टे करा, उचलता येतील असे.

निखारा७७

स्टॅटिक ग्रासचं यंत्र डासांच्या रॅकेटपासून बनवतात. एक तार स्टीलच्या गाळण्याला, दुसरी खिळ्यातून ओल्या डिंकाला. गाळणं हलवलं की नायलॉनचे तंतू डिंकावर ताठ उभे राहतात. फार भारी दिसतं.

दोन_फासे

भारी दिसतं, पण पूर्ण सांगा. त्यात हजार व्होल्टच्या वरचं प्रकरण असतं आणि बटण सोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. हाताळायच्या आधी दोन तारा एकमेकींना टेकवून तो उतरवायचा, गाळण्याचा दांडा प्लास्टिकचाच हवा, आणि घरात लहान मूल असेल तर हा उद्योग करूच नका. सुतळी कुणाला चटका देत नाही.

शाडूवाला

झाडांचं सांगतो. बांधकामाची बारीक बाइंडिंगची तार आठ-दहा पदरी घ्या, खाली पीळ देऊन खोड, वर पदर दोन-दोन करत उलगडत फांद्या. खोडावर एम-सील किंवा कागदाची पट्टी फेविकॉलने गुंडाळा. सागाचं खोड सरळ, आंब्याचं जाड आणि लवकर फुटलेलं. पानांसाठी घोसाळ्याची वाळलेली जाळी किंवा स्पंज मिक्सरमधून काढून रंगवलेला.

विरळ फांद्यांसाठी तुळशीच्या वाळलेल्या काटक्या अप्रतिम. इतक्या बारीक फांद्या तारेने होत नाहीत.

जुनाट

तुळस?

शाडूवाला

वाळलेली. आपोआप वाळलेली. काकूंना विचारून.

रानवेडी

काटेसावरीला तारेचंच झाड करा, कारण तिच्या फांद्या खोडातून आडव्या निघतात, थर दिल्यासारख्या. पान एकही नाही, फक्त लाल स्पंजाचे बारीक कण टोकांवर. अख्ख्या टेबलावर एकच पुरे. ती खिंडीच्या तोंडाशी लावा, नजर तिथेच जाईल.

जमिनीवर वाळकी पानं हवीत तर खरी पानं चुरू नका, चुरा कोनाकोनांचा होतो, पानासारखा दिसत नाही. वापरलेली चहापत्ती उन्हात कडकडीत वाळवून पसरा. कोपऱ्यात जरा जास्त, जिथे वारा पानं गोळा करतो.

नॉटिंगहॅमकर

चहापत्तीला इथेही मान आहे, फक्त इथे टीबॅग फाडतात. ओलसर राहिली तर बुरशी येते, तेवढं सांभाळा.

अर्धवट_मावळा

सगळ्यांचे आभार, काम सुरू झालंय. एक फुटाच्या फरश्या केल्या, त्यांतल्या चार कड्यांच्या. थर तसेच दिसू दिले आणि लाल रेघ एकाच ठिकाणी ओढली. गच्चीच्या कामावरून एक्सपीएसचे तुकडे फुकट मिळाले, वर कंत्राटदाराने 'किल्ला करताय का?' विचारलं. हो म्हणालो, समजावत कुठे बसणार.

आता ओढा. फेब्रुवारीत पाणी किती असेल, आणि ते दाखवायचं कसं? रेझिन ओतू का?

रानवेडी

सलग वाहणारं पाणी नको. डोह डोह, मधे कोरडे गोटे, गोट्यांवर पाण्याची जुनी पांढरट रेघ. इथे मात्र निखारांनी नाकारलेली नदीची गुळगुळीत वाळूच हवी.

दोन_फासे

रेझिन जाड ओतलं की घट्ट होताना तापतं आणि फोमला खड्डा पाडू शकतं. डोह उथळ ठेवा. तळ आधी हिरवट तपकिरी रंगवा, मध्ये गडद, कडेला फिकट. मग चकचकीत अ‍ॅक्रिलिक वॉर्निशचे पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. नुसत्या फेविकॉलचं पाणी करू नका, दमट हवेत ते परत दुधाळ होतं. डोंबिवलीत तर जूनमध्येच ओढ्याचं ताक होईल.

सोलापुरी_चादर

मसाला ताक असेल तर मी येतो खेळायला.

निखारा७७

सांगाच तारीख. रायबागनची मिनिएचर कुठून आणणार पण?

अर्धवट_मावळा

साध्या घोडेस्वारावर एम-सीलने पदर काढतोय. खानाची माणसं निम्मी रंगवून झाली. मावळे बाकी आहेत, त्यांचे कपडे कमी म्हणून काम कमी असं वाटत होतं, पण उघडी कातडी रंगवायलाच जास्त वेळ जातो.

शाडूवाले, तुमच्या सांगण्यावरून मागच्या बाजूचे डोंगर थर्माकोल आणि खळ-कागदाचे करतोय. माळ्यावर ठेवायचे आहेत. खळीला झुरळं लागतात असं घरच्यांचं म्हणणं.

शाडूवाला

घरच्यांचं बरोबर आहे. मैद्याची खळ म्हणजे झुरळांना जेवणाचं आमंत्रण. शिजवतानाच त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला.

कागदकात्री

बायंडिंगवाले तेच करतात. पण ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात शिजवू नका, जुना डबा घ्या आणि तो परत स्वयंपाकघरात आणू नका. हातमोजेही घाला. वरून पुट्टी आणि रंगाचा थर सगळीकडून बंद झाला पाहिजे, तळालासुद्धा. तळ सगळे विसरतात आणि झुरळं तिथूनच शिरतात.

अर्धवट_मावळा

मोरचूद मिळतं कुठे? रंगाच्या दुकानात विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

शाडूवाला

शेतीच्या औषधांच्या दुकानात. द्राक्षवाले बोर्डो मिश्रणाला नेतात. पुडी लहान मागा, तो किलोची पिशवी दाखवेल.